वसई-विरारसाठी एक ओपन माइक: महानगरपालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका

विषय: महानगरपालिकेच्या एका लहान सभागृहात दरमहा ठरलेल्या दिवशी ओपन माइक सुरू करण्याबाबत.

महोदय,

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व त्यांच्या भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी ही महानगरपालिका अस्तित्वात आली. तेव्हापासून पाणी, रस्ते, कचरा आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी हेच तिच्याविषयीच्या चर्चेचे मुख्य विषय राहिले, आणि ते रास्तही आहे. कारण २०११ च्या जनगणनेत १२,२२,३९० इतकी नोंदली गेलेली आणि पुढे वाढतच गेलेली लोकसंख्या सांभाळताना कोणत्याही नगरसंस्थेची दमछाक व्हावी. या अग्रक्रमांना धक्का न लावता, एका सभागृहाच्या एका संध्याकाळपुरत्या खर्चात होण्याजोग्या एका कामाकडे लक्ष वेधणे हा या पत्राचा हेतू आहे. महानगरपालिकेने आपल्या ताब्यातील एखादे लहान सभागृह महिन्यातून एका ठरलेल्या संध्याकाळी खुल्या मंचासाठी मोकळे ठेवावे, तेथे नाव नोंदवील त्या प्रत्येकाला पाच मिनिटे उभे राहू द्यावे, आणि हा क्रम कोणत्याही कारणाने खंडित होऊ देऊ नये, एवढीच मागणी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये महानगरपालिकेने स्वेच्छेने करावयाची जी कामे सांगितली आहेत, त्यांत चौक, उद्याने आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या जागी संगीताची सोय करणे हेही बसते. त्यामुळे हे काम अधिकारकक्षेबाहेरचे आहे, असे म्हणण्यास जागा नाही.

ओपन माइक म्हणजे असा कार्यक्रम, ज्यात कलावंत आधीपासून निमंत्रित नसतात. दारातील वहीत जो नाव लिहील त्याला क्रमाने चार ते सहा मिनिटे मिळतात, आणि तेवढ्या वेळात तो कविता म्हणो, गाणे गावो, गोष्ट सांगो, एकपात्री सादर करो किंवा स्टँड-अप, म्हणजे प्रेक्षकांशी थेट बोलत केलेले विनोदी कथन, करो. निवड समिती नसते, पारितोषिक नसते आणि मानधनही नसते. या पद्धतीचा आजचा आकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घडला. न्यूयॉर्कमधील गर्ड्स फोक सिटी या उपाहारगृहात १९६० च्या दशकाच्या आरंभी सोमवारची रात्र नवख्या गायकांसाठी राखलेली असे. त्याच शहरात १९७३ मध्ये मिगेल अल्गारीन या कवीच्या राहत्या घरातील बैठकीतून न्यूयोरिकन पोएट्स कॅफे ही संस्था उभी राहिली आणि पोर्तो रिकोहून आलेल्या स्थलांतरितांच्या मिश्र बोलीला तिने व्यासपीठ दिले. तर शिकागोत १९८० च्या दशकात मार्क स्मिथ या बांधकाम मजुरी करणाऱ्या कवीने श्रोत्यांनीच गुण द्यावेत अशी काव्यस्पर्धा, म्हणजे पोएट्री स्लॅम, सुरू केली. या तिन्ही ठिकाणी पुढाकार विद्यापीठांचा किंवा मोठ्या नाट्यगृहांचा नव्हता, आणि हीच गोष्ट वसई-विरारच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठी समाजाला हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने कविता छापील पानातून काढून श्रोत्यांसमोर गाऊन दाखवण्याची प्रथा रूढ केली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी एकत्र काव्यवाचनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. आणि कलगी-तुऱ्याच्या शाहिरीत तर दोन फड समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी सवाल टाकीत आणि जबाब देत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात मुख्य मांडवाच्या बाजूला चालणारा कविकट्टा हा या सर्वांत ओपन माइकच्या सर्वाधिक जवळ जाणारा प्रकार होय, कारण तेथे अपरिचित कवींना एकामागून एक थोडा वेळ दिला जातो. परंतु कविकट्टा वर्षातून एकदा, दरवेळी वेगळ्या गावी भरतो आणि त्यासाठी बहुधा कविता आधी पाठवून निवड व्हावी लागते. म्हणजे ज्याने आयुष्यात कधीही मंचावर पाऊल ठेवलेले नाही त्याची अडचण तेथे सुटत नाही. ठाणे शहरात उद्यानांतून आणि मैदानांतून चाललेले आचार्य अत्रे कट्टा, अभिनय कट्टा यांसारखे उपक्रम या दृष्टीने पुढचे पाऊल ठरतात, कारण त्यांनी ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या जागी जमण्याची सवय लावली. जी गोष्ट ठाण्यात रुजली ती खाडीच्या उत्तरेला रुजू नये, असे कोणतेही कारण दिसत नाही.

येथे शहराच्या घडणीकडे वळणे आवश्यक आहे, कारण ओपन माइकची गरज त्या घडणीतच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापड गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, परळ-लालबागच्या चाळींतील असंख्य कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकली, आणि त्यांतील पुष्कळ नालासोपारा व विरार येथे स्थिरावली. हे लोक केवळ भांडीकुंडी घेऊन आले नाहीत. गिरणगावात प्रत्येक गल्लीला स्वतःचे भजनी मंडळ आणि नाट्यमंडळ होते. दामोदर हॉलमध्ये कामगार स्वतः नाटके बसवीत. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक, म्हणजे राजकीय प्रचारासाठी लोककलेचा वापर करणारी मंडळी, त्याच वस्तीतून उभे राहिले. आणि नारायण सुर्वे यांच्यासारखा कवी कामगारांच्या सभांतून ऐकला गेला. चाळीच्या चौकात बाकडे टाकले की मंच तयार होत असे. येथील इमारतींच्या वाहनतळात आणि फाटकाच्या आतल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत तो मंच उभा राहत नाही, आणि गणपतीचे दिवस व सोसायटीचा वार्षिक सोहळा वगळता या कुटुंबांतील मुलांना चारचौघांत उभे राहून काही म्हणण्याचा प्रसंग येत नाही.

यात नव्या स्थलांतराची भर पडली आहे. नायगाव पूर्वेला दूरचित्रवाणी मालिकांची चित्रीकरणस्थळे उभी राहिली असून मुंबईतील घरभाडे न परवडणारे लेखक, वादक, दुय्यम भूमिका करणारे नट आणि नटी या पट्ट्यात राहतात. त्यांना नवी संहिता अजमावून पाहायची असेल, म्हणजे जिवंत श्रोत्यांसमोर ती कोठे उभी राहते आणि कोठे कोसळते हे तपासायचे असेल, तर खार किंवा अंधेरी गाठावी लागते. खारचे 'द हॅबिटॅट', ज्याचा आरंभ 'ट्यूनिंग फोर्क' या नावाने झाला, हे मुंबईतील अशा प्रयोगांचे सर्वांत परिचित ठिकाण. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी' ऊर्फ भाडिपाने मराठी स्टँड-अपला जो प्रेक्षक मिळवून दिला, त्या पिढीलाही अशाच लहान खोल्यांनी घडवले. विरारहून खार चाळीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. पाच मिनिटांच्या सादरीकरणासाठी जाऊन येऊन अडीच-तीन तास लोकलमध्ये काढावे लागतात, रविवारी जम्बो ब्लॉक असला तर त्याहून अधिक, आणि परतीची वेळ रात्री उशिराची असल्याने मुलींच्या घरातून या प्रवासाला परवानगी मिळणे दुरापास्त होते. परिणामी मुंबईच्या मंचांवर पोहोचणाऱ्यांत वसई-विरारमधील तरुण दिसतात, तरुणी क्वचित दिसतात. हा भेद प्रतिभेचा नसून अंतराचा आहे.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा येथील बोलींचा आहे. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी असेही म्हणतात, आणि सामवेदी ब्राह्मण यांची कादोडी ऊर्फ सामवेदी बोली, वाडवळांची वाडवळी, किनाऱ्यावरील कोळी आणि आगरी बोली, पूर्वेकडील डोंगरपट्ट्यातील वारली, आणि बाहेरून आलेल्या मालवणी, गुजराती, भोजपुरी, मल्याळम या भाषा एकाच तालुक्यात नांदतात. वसईने मराठीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो दिले, ज्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, 'सुबोध बायबल' या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. सिसिलिया कार्व्हालो आणि सायमन मार्टिन यांच्यासारखे कवीही याच मातीतले. या सर्वांनी प्रमाण मराठीत लिहून व्यापक वाचक मिळवला, आणि ते योग्यच झाले. परंतु कादोडीसारख्या बोलीचा फार मोठा ठेवा लग्नाच्या गाण्यांत, म्हणींत आणि आजीच्या तोंडच्या गोष्टींत आहे. तो लिहून काढण्याचे प्रयत्न झाले असले तरी ज्या भाषेत शाळा नाही आणि दैनिक नाही, तिच्यात नवी रचना करणाऱ्याला वाचकांच्या आधी श्रोताच भेटणार. गिरिज, भुईगाव किंवा नंदाखाल येथील विशीतील मुलीने कादोडीत चार कडवी रचली तर ती कोठे म्हणून दाखवावीत, या प्रश्नाला आज घर आणि चर्चचे आवार यांपलीकडे सहज सुचणारे उत्तर नाही. आणि ती कडवी नालासोपाऱ्याच्या मालवणी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या समवयस्कांच्या कानावर कशी पडावीत, याचे तर मुळीच नाही. ओपन माइकचा खरा लाभ या दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण तेथे आपली पाळी येईपर्यंत प्रत्येकाला इतरांचे ऐकत बसावे लागते.

आता व्यवस्थेविषयी. अशा संध्याकाळचे यशापयश बहुतांशी दारातील वहीवर अवलंबून असते, हे अनुभवी आयोजक जाणतात. वहीत वीस ओळी आखलेल्या असाव्यात. त्यांतील निम्म्या आधी नाव कळवणाऱ्यांसाठी आणि निम्म्या प्रत्यक्ष येऊन लिहिणाऱ्यांसाठी राखाव्यात, कारण सगळ्या जागा आधीच भरल्या तर त्याच त्या मंडळींचा कंपू तयार होतो आणि सगळ्या आयत्या वेळी भरल्या तर लांबून येणाऱ्याला खात्री उरत नाही. नावापुढे प्रकार लिहावा, भाषा लिहावी, आणि पहिल्यांदाच उभे राहत असल्यास तशी खूण करावी. खूण केलेल्यांना मध्यंतराच्या आधी बोलवावे. पहिल्यांदा बोलणाऱ्याला दोन तास ताटकळत ठेवले तर त्याचा घसा कोरडा पडतो आणि अनेकदा तो पाळी येण्याआधीच निघून जातो. प्रत्येकी पाच मिनिटे आणि अदलाबदलीला एक मिनिट धरले तर अठरा जणांना १०८ मिनिटे लागतात. पंधरा मिनिटांचा मध्यंतर मिळवला तरी संध्याकाळी साडेपाचला सुरू झालेला कार्यक्रम आठच्या आत संपतो, आणि नालासोपारा किंवा विरारला परतणाऱ्यांना रिक्षा व बस मिळते. उरलेल्या दोन ओळी कोणी वेळ न घेता उतरला तर वापरण्यासाठी आहेत. वार रविवार असावा, कारण या शहराचा मोठा भाग इतर दिवशी रात्री आठ-साडेआठपर्यंत गाडीत असतो. वेळ संपत आल्याची सूचना चौथ्या मिनिटाला मागच्या भिंतीवरील लहानशा दिव्याने द्यावी आणि पाचव्या मिनिटाला सूत्रसंचालकाने टाळ्यांना सुरुवात करावी. हा नियम नगरसेवकापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे. पहिल्याच महिन्यात एखाद्या मान्यवरास बारा मिनिटे दिली गेली, तर दुसऱ्या महिन्यात तो नियम कोणीच मानणार नाही.

सामग्री फार लागत नाही, परंतु जी लागते तिचा उपयोग कसा करावा हे कळले पाहिजे. बोलण्या-गाण्यासाठी समोरून येणारा आवाज अधिक आणि बाजूचा-मागचा कमी पकडणारा साधा, मजबूत डायनॅमिक माइक पुरेसा आहे. सोबत उंची बदलता येणारे स्टँड, वाद्यासाठी दुसरी एक जोडणी आणि दोन मध्यम स्पीकर असावेत. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. ते मागे राहिले तर स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, जिला ध्वनिव्यवस्थापक फीडबॅक म्हणतात. नवखा माणूस दोन चुका हमखास करतो: घाबरून माइकपासून हातभर लांब राहतो किंवा माइकच्या जाळीभोवती मूठ आवळतो. पहिल्या चुकीने आवाज पोहोचत नाही, दुसरीने तो कोंदतो आणि शिट्टीही लवकर येते. ओठ जाळीपासून चार बोटांवर ठेवावेत, मूठ दांड्यावर असावी, आणि स्टँड आधीच्या उंच वक्त्यासाठी वर केलेले असेल तर ते पुढच्याच्या हनुवटीइतके खाली आणण्याचे काम सूत्रसंचालकाने करावे. बारा वर्षांची मुलगी मंचावर आल्यावर तिला टाचा उंचावून बोलावे लागले, तर तिचे पहिले वाक्य फुकट जाते, आणि तिच्यासारखी दुसरी मुलगी ते पाहून वहीत नाव लिहीत नाही.

सभागृह चाळीस ते साठ खुर्च्यांचे असावे आणि त्याहून मोठे नसावे, या मुद्द्यावर हे पत्र आग्रही आहे. तीनशे आसनांच्या दालनात तीस माणसे बसली की बोलणाऱ्याला रिकाम्या रांगाच दिसतात. चाळीसच्या खोलीत तीच तीस माणसे भरगच्च वाटतात, हसू एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जाते आणि शांतताही दाट होते. खुर्च्या मंचाच्या जवळ असाव्यात, प्रकाश बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असावा, खोली तळमजल्यावर असावी आणि पंख्याचा खडखडाट आधीच दुरुस्त करून घ्यावा. महानगरपालिकेच्या नऊ प्रभाग समित्यांच्या क्षेत्रांत अशी एखादी खोली निश्चितच सापडेल. ती न सापडल्यास, सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांपैकी एखाद्याशी करार करता येईल, कारण वाचनकक्ष रविवारी संध्याकाळी बहुधा मोकळा असतो.

सूत्रसंचालकाची निवड हा नाजूक विषय आहे. ओपन माइकचा सूत्रसंचालक म्हणजे सत्कार समारंभाचा निवेदक नव्हे: त्याने शेरोशायरीने जागा भरू नये, प्रत्येक सादरीकरणावर अभिप्राय देऊ नये आणि कोणाच्याही बोलीची नक्कल करू नये. त्याने नाव नीट विचारून उच्चारावे, सामवेदी किंवा वारली आडनाव असेल तर दोनदा विचारावे, फसलेल्या सादरीकरणानंतर अर्ध्या मिनिटात खोलीचे लक्ष पुढच्या माणसाकडे वळवावे, आणि पहिली पाच मिनिटे स्वतः काही तरी सादर करून पुढच्यांचा संकोच मोडावा. वर्तक महाविद्यालय, गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आणि विवा महाविद्यालय यांतील सांस्कृतिक मंडळांतून तसेच १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांतून असे चार-पाच जण सहज तयार होतील. त्यांनी आळीपाळीने काम करावे आणि त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची भाषणे यांना या संध्याकाळी पूर्ण रजा द्यावी. या प्रथांविषयी अनादर नाही, परंतु त्यांच्यात जाणारा तासभराचा वेळ म्हणजे वहीतील दहा नावे होत.

डिसेंबरअखेर भरणाऱ्या वसई तालुका कला-क्रीडा महोत्सवाने या भागातील मुलांना मैदान आणि मंच दिला, हे नि:संशय. परंतु महोत्सवाचे काम वेगळे आणि मासिक मंचाचे वेगळे. महोत्सवात तयार झालेली कला दिसते, मासिक मंचावर कच्ची कला तयार होते, आणि कच्चेपणाला वर्षातून एक दिवस पुरत नाही. आरंभीच्या महिन्यांत श्रोते कमी येतील. एखाद्या पावसाळी रविवारी सात माणसे असतील आणि त्यांतली पाच सादर करणारीच असतील. तेव्हा प्रतिसाद नाही असा शेरा मारून फाइल बंद करण्याचा मोह आवरावा लागेल. याबाबतीत एक फार जुना आदेश स्मरणीय आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सापडला, त्यामुळे अशोकाचे लेख या भूमीला परके नाहीत. त्याच सम्राटाच्या कलिंगातील, म्हणजे ओडिशातील धौली आणि जौगड येथील, स्वतंत्र लेखांत असे सांगितले आहे की हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवला जावा आणि मधल्या काळातही, ऐकणारा एकच असला तरी, ऐकवला जावा. ठरलेला दिवस आणि श्रोत्यांच्या संख्येवर न अडणारा क्रम ही दोन्ही तत्त्वे तेथे राज्यकारभाराच्या भाषेत नोंदलेली आहेत.

कायद्याच्या बाजूने पाहता अडथळे कमी आहेत, पण ते आयोजकांवर सोपवले तर मोठे होतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अनुसार ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहाबाहेर त्याचा वापर वर्ज्य आहे, आणि निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. आठ वाजता संपणाऱ्या, दारे लावून होणाऱ्या कार्यक्रमाला ही बंधने सहज पाळता येतात. गाण्यांच्या बाबतीत प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, आणि केवळ एवढ्यासाठीही प्रवेश विनामूल्य ठेवणे हिताचे ठरेल. त्याच अधिनियमाने सादरकर्त्यालाही त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिला असल्यामुळे, महानगरपालिकेने किंवा अन्य कोणी संमतीशिवाय चित्रीकरण करून ते प्रसृत करू नये; वहीत नावापुढे चित्रीकरणास होकार किंवा नकार नोंदवण्याचा एक रकाना ठेवावा, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही घ्यावी. नाटकाच्या संहितेसाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि या पूर्वतपासणीच्या वैधतेस अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या कार्यक्रमात कोण काय म्हणणार हेच आधी ठाऊक नसते, तेथे अशी तपासणी शक्य नाही; म्हणून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाशी महानगरपालिकेने स्वतः एकदाच पत्रव्यवहार करून वर्षभराची स्थिती स्पष्ट करून घ्यावी, दर महिन्याला एखाद्या महाविद्यालयीन मुलाला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवू नये.

खरी अडचण कायद्याची नसून भीतीची आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. मार्च २०२५ मध्ये एका विनोदी कार्यक्रमाच्या चित्रफितीवरून खारच्या 'द हॅबिटॅट'ची तोडफोड झाली आणि ते ठिकाण काही काळ बंद ठेवावे लागले. त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथेच समाजमाध्यमावरील एका साध्या मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली होती. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पालघर या आपल्या जिल्ह्याच्या नावाने देशाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात अशी नोंद आहे, आणि तिचे दोन्ही अर्थ येथील रहिवाशांना समजतात. खाजगी कॅफेचा मालक अशा घटना पाहून हात आखडता घेतो, त्यात त्याचा दोष नाही. त्याला काचा फुटण्याची धास्ती असते. म्हणूनच हे काम महानगरपालिकेने करणे उचित आहे, कारण सार्वजनिक सभागृहाच्या मागे सार्वजनिक संस्था उभी असते. नियम मोजके आणि दारावर लावलेले असावेत: कोणाच्याही जाती, धर्म किंवा शरीरावरून हेटाळणी नको, श्रोत्यांतील व्यक्तीला लक्ष्य करणे नको, निवडणूक प्रचार नको. यापलीकडे महानगरपालिकेवर, तिच्या खड्ड्यांवर आणि तिच्या पाणीपुरवठ्यावर टीका झाली तर ती होऊ द्यावी. आयुक्तांच्या कार्यालयातील एखादा अधिकारी मागच्या रांगेत बसून ती ऐकत असेल, तर त्याला तक्रार अर्जांच्या गठ्ठ्यात न सापडणारे काही तरी निश्चित कळेल. आणि कवितेतील खड्ड्याबद्दल कोणाला नोटीस जाणार नाही, हे पहिल्या तीन महिन्यांत लोकांना दिसले तर चौथ्या महिन्यापासून त्यांना धीर देण्याची गरज उरणार नाही.

तेव्हा विनंती अशी की, आरंभ एकाच ठिकाणी व्हावा. पहिला मंच नालासोपारा किंवा विरार स्थानकापासून चालत जाता येईल अशा जागी असावा, कारण प्रवासाचा खर्च ज्यांना सर्वांत जड जातो ते लोक तेथे राहतात; तो सहा महिने सलग चालल्यावर दुसरा वसई गावात, पापडी-निर्मळ परिसरातील बोलींना सोयीचा होईल असा, सुरू करावा. जागा फिरती ठेवू नये. महिन्याचा दुसरा रविवार निश्चित करून तो महानगरपालिकेच्या सभागृह आरक्षणाच्या नोंदवहीत वर्षभरासाठी आधीच नोंदवावा, म्हणजे लग्नसराईत किंवा निवडणुकीच्या धामधुमीत खोली दुसऱ्याला दिली जाणार नाही. एक लिपिक, एक ध्वनितंत्रज्ञ, स्वयंसेवी सूत्रसंचालकांची यादी, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ प्रसाधनगृह, एवढी तरतूद पुरेशी आहे. या विषयावर सांस्कृतिक संस्था, ग्रंथालये, महाविद्यालये आणि पोलीस आयुक्तालयाचा प्रतिनिधी यांची एक बैठक महानगरपालिकेने येत्या महिन्यात बोलवावी, तिची तारीख जाहीर करावी, आणि वही घेऊन बसण्यास तयार असलेल्यांची नावे त्याच बैठकीत लिहून घ्यावीत.

कळावे.

वसई-विरार शहरातील एक नागरिक